नगर आणि शेजार

ठाणे जिल्ह्यातील डोंबिवली हे शहर मुंबईच्या लोहमार्गावर वसलेले आहे. येथील असंख्य लोक नोकरीधंद्यासाठी पहाटेच आगगाडीने मुंबईकडे जातात व रात्री परततात. कोणी कोकणातून आलेला, कोणी घाटावरून, तर कोणी परप्रांतातून. त्यामुळे भिंतीला भिंत लागून असली, तरी शेजाऱ्याची शेजाऱ्याशी ओळख होणे कठीण! केवळ निजावयास घरी येणाऱ्या माणसांचे नगर कसे व्हावे?

या प्रश्नाचे एक उत्तर डोंबिवलीकरांनी शोधून काढले. येथील श्रीगणेश मंदिर संस्थान १९२४ साली स्थापन झाले. त्याच्या पुढाकाराने १९९९ सालच्या गुढीपाडव्यास पहिली नववर्ष स्वागतयात्रा निघाली. पालखी, लेझीम, ढोलताशे, रांगोळ्या आणि पाण्याची बचत, स्वच्छता असे विषय मांडणारे चित्ररथ यांनी रस्ते फुलून जातात. पुढे ही प्रथा गिरगाव, ठाणे आदी ठिकाणीही रुजली.

यात्रा काही तासांत संपते. परंतु तिची तयारी पुष्कळ दिवस चालते. त्यासाठी लोकांना एकत्र बसावे लागते, कामे वाटून घ्यावी लागतात. खरी ओळख होते ती येथेच. पुढे गटार तुंबले किंवा रस्त्यावरचा दिवा बंद पडला, तर एकट्याच्या तक्रारीपेक्षा दहा शेजाऱ्यांचा अर्ज महानगरपालिकेत अधिक वजनदार ठरतो.

नळ आणि रस्ते महानगरपालिका देऊ शकते. शेजार मात्र नागरिकांनाच घडवावा लागतो.