ब्रेत्सेल : जर्मनीचा गाठीचा पाव



नववीच्या वर्गात आम्लारी, म्हणजे हिंदीच्या पुस्तकातले 'क्षार', शिकवताना मी सांगितले की जर्मनीत एक पाव भाजण्यापूर्वी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवतात. सगळा वर्ग हसला. एका मुलीने मात्र विचारले, "सर, मग तो खाऊन काही होत नाही का?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचे उत्तर सर्वांसाठी येथे देत आहे.

या पावाचे नाव ब्रेत्सेल, इंग्रजीत प्रेट्झेल. मैदा, पाणी, यीस्ट आणि मीठ यांच्या गोळ्याची लांब दोरी वळतात, टोकांना पीळ देतात आणि ती मधल्या जाड भागावर चिकटवतात. आकार हाताची घडी घातल्यासारखा दिसतो. नावाचे मूळही 'बाहू' या अर्थाच्या लॅटिन शब्दात मानले जाते.

दक्षिण जर्मनीत ब्रेत्सेल रोजच्या खाण्यात असते. श्वाबेन भागात तिचे हात बारीक व कुरकुरीत असतात आणि जाड भागाला चीर देतात. बव्हेरियात हात जाड असतात. बेकरीच्या पाटीवरही हीच गाठ दिसते, कारण ती बेकरांच्या संघाची जुनी खूण आहे.

तिच्याविषयी कथा पुष्कळ आहेत. उराख गावच्या बेकराला शिक्षा झाली. ज्यातून सूर्य तीनदा दिसेल असा पाव करशील तर सुटशील, असे त्याला सांगितले गेले, अशी एक कथा. कथा गोड आहे, पण तिला पुरावा नाही. पुरावा आहे तो बाराव्या शतकातला. आल्सास प्रांतातील मठाच्या प्रमुख हेराड यांच्या सचित्र ग्रंथात भोजनाच्या चित्रात ब्रेत्सेल आहे. मूळ ग्रंथ १८७० साली स्ट्रासबुर्ग येथे जळाला. चित्रांच्या नकला तेवढ्या उरल्या.

आता त्या मुलीचे उत्तर. बेकर साधारण ३ ते ४ टक्क्यांचे द्रावण वापरतात आणि पाव त्यात काही क्षणच ठेवतात. आम्लारीमुळे भट्टीत पृष्ठभागावरील प्रथिने व साखर यांची क्रिया वेगाने होते. त्यातूनच तो गडद तपकिरी रंग आणि खास चव येते. उरलेला थोडा सोडा कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून कार्बोनेट होतो. म्हणून भाजलेली ब्रेत्सेल निर्धोक असते. आपल्या पापडात घालतात तो पापडखारही आम्लारीच, पण सौम्य.

कच्चे द्रावण मात्र त्वचा आणि डोळे जाळते. बेकर हातमोजे व चष्मा घालूनच काम करतात. पालकांना विनंती, घरी हा प्रयोग मुलांना करू देऊ नये. हौस असल्यास खाण्याचा सोडा घालून उकळलेले पाणी वापरावे. रंग थोडा फिका येईल, एवढेच.

त्या दिवशी वर्ग हसला नि एकीने विचारले. असे विचारणारे वर्गात आणखी हवेत.

— प्राचार्य