पूर्वसमुद्राचे आभाळ, धाराशिवची शेते

चेन्नईच्या किनाऱ्यावर वर्षातला निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात, ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पडतो. परंतु बंगालच्या उपसागरातली वादळी हवा कधी थेट मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगररांगेपर्यंत येऊन ठेपते. १३ ऑक्टोबर २०२० रोजी काकीनाड्यानजीक किनारा ओलांडलेले असेच एक कमी दाबाचे क्षेत्र तेलंगणातून पश्चिमेकडे सरकले, आणि त्याच्या अतिवृष्टीने धाराशिव जिल्ह्यात काढून रचलेल्या सोयाबीनच्या गंजी वाहून जाऊन शेतकऱ्यावर पंचनाम्याची वाट पाहण्याची पाळी आली. ऐन थंडीतले नुसते ढगाळ हवामानही मला तितकेच घातक वाटते. कारण थेंबही न पडता तुरीचा फुलोरा गळतो, हरभऱ्यात घाटेअळी शिरते, द्राक्षांवर डावणी येते, आणि जमिनीतल्या ओलीवर वाढणाऱ्या रब्बी ज्वारीच्या पानांवर माव्याचा चिकटा पसरतो.