पायडलमागचा कणा : सायकलीला कोणते बेअरिंग बसेल?

गव्हाण फाट्यावर रविवारी सकाळी थोडा वेळ उभे राहा. दोन जातींच्या सायकली तुमच्यासमोरून जातील. एक आपली नेहमीची काळी, मागे कॅरिअर असलेली. दुसरी वाकड्या हँडलची, अरुंद टायरची, उरणच्या किंवा कर्नाळ्याच्या दिशेने भरधाव निघालेली. हिला रोड बाइक म्हणतात. अलीकडे अशा वापरलेल्या सायकली विकायला निघतात आणि शाळेतली मुले साठवलेल्या पैशांतून त्या घेतातही. मग पहिला पावसाळा सरतो आणि पायडल मारताना खालून ‘कट्‌ कट्‌’ असा आवाज येऊ लागतो. दुकानदार सायकल उलटी करून क्रँक हलवून पाहतो आणि म्हणतो, ‘‘बी.बी. गेली. नवी घेऊन या, बसवून देतो.’’

पंचाईत येथूनच सुरू होते. काळ्या सायकलीची बी.बी. कोणत्याही गावात मिळते. रोड बाइकच्या बी.बी.चे मात्र डझनभर प्रकार आहेत. ते दिसायला भावंडांसारखे, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. आणि ‘थोडे ठोकले की बसेल’ असे म्हणून बसवला, तर त्या भागाचे पैसे तर जातातच, पण सबंध फ्रेम निकामी होऊ शकते. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी काय मोजायचे आणि का, हे पाहू.

बी.बी. म्हणजे बॉटम ब्रॅकेट. फ्रेमच्या तीन-चार नळ्या जेथे खाली एकत्र येतात तेथे एक आडवे नळकांडे असते. त्यातून एक आस आरपार जातो. आसाच्या दोन टोकांना दोन क्रँक आणि क्रँकांना पायडले. आस फिरतो, नळकांडे स्थिर राहते. या दोहोंमध्ये घासाघीस होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना बेअरिंगे बसवतात. पुस्तकी मराठीत त्यांना धारवे म्हणतात, पण दुकानात हा शब्द वापरलात तर दुकानदार तुमच्याकडे पाहतच राहील! बेअरिंगमधल्या पोलादी गोळ्या म्हणजे छर्रे. घासण्यापेक्षा घरंगळणे सोपे, एवढ्या एका गोष्टीवर हे सारे यंत्र उभे आहे. १८६९ साली पॅरिसच्या ज्यूल्स स्यूरिरे याने सायकलीसाठी बॉल-बेअरिंगचे पेटंट घेतले. आज पंख्यापासून आगगाडीपर्यंत सर्वत्र दिसणारी बेअरिंगे सुरुवातीच्या काळात सायकलीच्या आधाराने वाढली, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

या बेअरिंगांवर भार किती येतो? तुमचे वजन ६० किलोग्रॅम आहे आणि चढावर तुम्ही उजव्या पायडलवर पूर्ण उभे राहिला आहात, असे धरू. म्हणजे बल सुमारे ६०० न्यूटन. ते दोन बेअरिंगांत निम्मे निम्मे वाटले जाईल, असे वाटते ना? तसे होत नाही. पायडल बेअरिंगांच्या मध्ये नसते, बाहेर असते. पायडलचा मध्य सायकलीच्या मध्यरेषेपासून सुमारे १३० मि.मी. दूर असतो आणि नळकांड्याच्या आत बसवलेली बेअरिंगे मध्यरेषेपासून जेमतेम २५ मि.मी.वर असतात. ही सरळ तरफ झाली. डावे बेअरिंग टेकू धरा. तेथून पायडल १५५ मि.मी. आणि उजवे बेअरिंग ५० मि.मी. म्हणून उजव्या बेअरिंगवर ६०० × १५५ ÷ ५० = १८६० न्यूटन इतका दाब खाली येतो आणि डाव्या बेअरिंगवर १२६० न्यूटन वरच्या दिशेने! तुमच्या वजनाच्या तिप्पट भार एका बाजूवर, आणि यात साखळीची ओढ अजून धरलेलीच नाही.

आता हीच बेअरिंगे नळकांड्याच्या बाहेर, मध्यरेषेपासून ४० मि.मी.वर नेली तर? ६०० × १७० ÷ ८० = १२७५ न्यूटन. भार एक-तृतीयांशाने उतरला. २००३ साली शिमानो या जपानी कंपनीने रोड बाइकसाठी नेमके हेच केले. बेअरिंगे बाहेर गेल्यामुळे आस जाड करायलाही जागा मिळाली. डाव्या पायाचा सगळा जोर उजवीकडच्या दातेरी चक्रापर्यंत या आसातूनच जातो, म्हणून त्याला पीळ पडतो. पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १७ मि.मी. व्यासाचा भरीव आस आणि २४ मि.मी. व्यासाचा, २ मि.मी. जाडीचा पोकळ आस यांचा हिशेब वहीत करून पाहा. पहिल्यासाठी १७ चा चौथा घात घ्या, दुसऱ्यासाठी २४ च्या चौथ्या घातातून २० चा चौथा घात वजा करा. पोकळ आस दुपटीहून अधिक ताठ निघेल, आणि त्याला धातू मात्र सुमारे चाळीस टक्के कमी लागेल.

इतके चांगले असताना मग डझनभर प्रकार कशाला? त्याचे कारण पुढच्या चढाओढीत आहे. आस २४ मि.मी.चा चांगला, तर ३० चा आणखी चांगला, असे म्हणून कॅननडेल या अमेरिकन कंपनीने २००० च्या सुमारास ३० मि.मी. आस काढला. तो जुन्या नळकांड्यात मावेना, म्हणून नळकांडेच मोठे केले. कोणी नळकांडे रुंद केले, कोणी आसाची जाडी बदलली. २०१८ साली श्रॅम कंपनीचा आस आला तो २८.९९ मि.मी.चा! प्रत्येकाचे आपले माप आणि प्रत्येकाचे आपले नाव. त्या नावांच्या जंगलात शिरू नका. एकच गोष्ट धरून ठेवा : बेअरिंगला दोन शेजारी असतात. बाहेरचा शेजारी फ्रेम, आतला शेजारी आस. दोघांशीही त्याचे जमले पाहिजे. फ्रेमकडून तीन गोष्टी विचारायच्या, आसाकडून दोन.

यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेतील व्हर्निअर कॅलिपर हवा. आपण त्याने लाकडी ठोकळे आणि लोखंडी गोळे मोजतो. तो अशा कामासाठी एक दिवस बाहेर काढायला शिक्षकांची हरकत नसावी.

फ्रेमला पहिला प्रश्न : नळकांड्याच्या आत आटे आहेत की गुळगुळीत भोक आहे? दुसरा : रुंदी किती? तिसरा : व्यास किती? आटे असतील आणि रुंदी ६८ मि.मी. भरली तर बहुधा तुमचे काम सोपे आहे. हे इंग्लिश आटे : कपाचा बाहेरचा व्यास १.३७ इंच, म्हणजे ३४.८ मि.मी., आणि इंचाला २४ आटे. जगभर यांना बी.एस.ए. म्हणतात. ही अक्षरे तुम्ही आपल्याकडच्या सायकलींवर वाचली असतील. १८६१ साली स्थापन झालेल्या बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या बंदुकांच्या कंपनीचे हे संक्षिप्त नाव. ती पुढे सायकली करू लागली आणि तिचे आटे सर्वांनी उचलले. रुंदी ७० आणि कपाचा व्यास ३६ मि.मी. भरला तर आटे इटालियन. दोहोंत फरक सव्वा मिलिमीटरचा, म्हणजे डोळ्याला न कळण्याजोगा, पण व्हर्निअरला सहज कळणारा. घरी आजोबांची जुनी रॅले असेल तर आणखी सावध राहा. रॅले कंपनी एके काळी इंचाला २४ ऐवजी २६ आटे पाडत असे. व्यास तोच, म्हणून कप पहिले दोन-तीन फेरे खुशाल आत जातो, मग अडतो. तेथे पान्ह्याला जोर लावला की आटे गेलेच.

पान्हा लावण्यापूर्वी एक चमत्कार समजून घ्या. इंग्लिश पद्धतीत साखळीकडच्या, म्हणजे उजव्या कपाचे आटे उलटे असतात. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो! असे का? बेअरिंगचे घर्षण कपाला आसाबरोबर ओढेल, म्हणजे उजवीकडून पाहता काट्यांच्या दिशेने. त्याने सरळ आटे उलट घट्टच झाले असते. मग उलटे कशाला?

एक लहान प्रयोग करा. एक मोठे झाकण घ्या आणि त्यात जेमतेम सैल बसेल असे लहान झाकण ठेवा. लहान झाकणावर खूण करा. आता त्याला आतून बोटाने बाहेर दाबत दाबत, दाबाची जागा काट्यांच्या दिशेने सावकाश गोल न्या. बोट काट्यांच्या दिशेने जाते, पण झाकणावरची खूण उलट सरकते. लहान झाकण मोठ्याच्या आतून घरंगळते आणि दोघांच्या परिघांत जेवढा फरक, तेवढे दर फेरीला मागे पडते. सायकलीत लहान झाकण म्हणजे कप, मोठे झाकण म्हणजे नळकांडे, आणि फिरणारे बोट म्हणजे आसाबरोबर पुढे सरकणारे, भार वाहणारे छर्रे. आट्यांमध्ये केसाएवढी फट असली तरी पुरे. त्रिज्येत ०.०५ मि.मी. सैलपणा धरला, तर तत्त्वतः साडेतीनशे फेऱ्यांत कप एक पूर्ण वेढा उलटा फिरेल. मिनिटाला ८० पायडल मारणाऱ्याला त्याला पाच मिनिटेही लागायची नाहीत. प्रत्यक्षात आट्यांचे घर्षण त्याला धरून ठेवते, पण ही उलटी ओढ बेअरिंगच्या घर्षणापेक्षा वरचढ असते. इटालियन पद्धतीत दोन्हीकडे सरळ आटे असतात, आणि उजवा कप सैल होण्याची तक्रार त्याच पद्धतीत ऐकू येते. हा निसर्गाने दिलेला पुरावाच म्हणा ना!

भोक गुळगुळीत असेल तर बेअरिंग किंवा त्याचा कप दाबून बसवतात. येथे ४१, ४२ किंवा ४६ मि.मी. असे व्यास भेटतील. माणसाचा केस सुमारे ०.०७ मि.मी. जाड असतो, आणि येथे सारा निकाल त्याहून कमी अंतरात लागतो. भोक जरा मोठे झाले की बेअरिंग भाराखाली किंचित हलते आणि करकरते. लहान झाले की बाहेरचे कडे आवळले जाते, छर्र्यांना फिरायला जागा उरत नाही आणि बेअरिंग जड होते. माझे मत विचाराल तर घेताना आट्यांची फ्रेम शोधावी. २०१५ साली ४७ मि.मी.च्या मोठ्या नळकांड्यासाठीही आटे काढण्यात आले, यावरून काय ते समजा.

आसाला विचारायचे ते जाडी आणि लांबी. जाडी दोन्ही टोकांना मोजा. श्रॅमच्या एका जुन्या प्रकारात आस उजवीकडे २४ आणि डावीकडे २२ मि.मी. असतो. एकच टोक मोजणारा तेथे फसतो. क्रँकच्या आतल्या बाजूला बहुधा नमुन्याचा क्रमांक कोरलेला असतो, तोही उतरवून घ्या.

कधी कधी कप ठीक असतो आणि आतले बेअरिंगच बदलायचे असते. त्यावरचा आकडा वाचायला शिका, पुढे पंख्यालाही उपयोगी पडेल. ६८०६ मधील शेवटच्या ०६ ला ५ ने गुणा : आतील भोक ३० मि.मी. ६८०५ चे २५. हा नियम ०४ पासून पुढे चालतो. ०३ म्हणजे १७ मि.मी. आणि ०२ म्हणजे १५. आकड्यापुढे ‘झेड.झेड.’ असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे, ‘२आर.एस.’ असेल तर रबराची. पत्र्याच्या झाकणाला बारीक फट असते. गव्हाणच्या बाजूला खाडीचा खारा वारा आणि चार महिने चिखल, तेव्हा येथे रबराचेच घ्यावे. महाग सिरॅमिक छर्र्यांच्या मोहात पडू नका. चांगल्या स्थितीतल्या साध्या बी.बी.त जेमतेम एक-दोन वॉट वाया जातात, मग त्यात वाचवणार काय?

पनवेलच्या दुकानात जाल तेव्हा एका चिठ्ठीवर एवढे लिहून न्या : आटे की गुळगुळीत, नळकांड्याची रुंदी, व्यास, आसाची जाडी दोन्ही टोकांची, आसाची लांबी, क्रँकवरचा क्रमांक. जुनी बी.बी. निघाली असेल तर तीही पिशवीत टाका. नवा कप हाताने निदान तीन-चार वेढे सहज आत गेला पाहिजे, पान्हा त्यानंतर. आणि आट्यांना ग्रीस लावायला सांगा. पोलादी कप ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये कोरडा बसवला तर खाऱ्या हवेत त्या दोन धातूंचा विद्युतघट तयार होतो, आणि दोन वर्षांनी तो कप कोणत्याही पान्ह्याला दाद देत नाही.