नोकरी, वशिला आणि दूरची ओळख

शाळेंतून बाहेर पडणाऱ्या मुलाला वडीलधारी माणसें पुष्कळ वेळां विचारतात, "तेथें आपल्या ओळखीचें कोणी आहे काय?" गुणांवर नोकरी मिळते असें ऐकत आलेल्या मुलाला हा प्रश्न खटकतो, आणि ज्याच्या घरांतील कोणीं आजवर कचेरीची पायरी चढलेली नाहीं, त्याला तर आपल्यापुढचें दारच लागल्यासारखें वाटतें. परंतु ओळख आणि वशिला या निरनिराळ्या गोष्टी आहेत. वशिल्यानें अपात्र मनुष्याला जागा मिळते. ओळखीनें पात्र मनुष्याला जागा रिकामी असल्याचें कळतें. लिंक्डइनसारखीं जीं व्यावसायिक संकेतस्थळें आज प्रचारांत आहेत, त्यांचा उपयोग कोणता व कितपत, हें या भेदावरून चांगलें समजतें.

ओळखीनें माणसें घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगार भरण्याचें काम जॉबरच्या हातीं असे. कोंकणांतून किंवा घाटावरून आलेला तरुण गांवकऱ्यांच्या खोलींत उतरे, आणि त्यांच्यापैकीं एखादा त्याला आपल्या खात्याच्या जॉबरपुढें नेऊन उभा करी. परक्या शहरांत हा मोठाच आधार होता. परंतु जागा जॉबरच्या मर्जीवर असल्यामुळें त्याला दस्तुरी द्यावी लागे, आणि ज्याच्या गांवचें कोणी गिरणींत नाहीं त्यानें फाटकाबाहेर तिष्ठत राहावें, असा प्रकार होता. १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मजूरविषयक रॉयल कमिशनच्या अहवालांत या पद्धतीचे दोष स्पष्टपणें दाखविले आहेत.

ओळखीचा दुसरा गुण मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें १९७३ सालच्या एका निबंधांत दाखविला. बोस्टनजवळील एका उपनगरांत नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्यानें विचारलें कीं, ज्यानें तुम्हांला जागेची बातमी दिली तो मनुष्य तुम्हांला कितीदां भेटत असे? ओळखीनें नोकरी मिळविलेल्यांपैकीं शेंकडा १७ जणांनींच "वारंवार" असें उत्तर दिलें. शेंकडा ५६ जणांचें उत्तर "कधींमधीं", व शेंकडा २८ जणांचें "क्वचित्" असें होतें. याचें कारण उघड आहे. जिवलग मित्र आपल्याच वर्तुळांत वावरतो. त्याला जें ठाऊक तें बहुधा आपल्यालाहि ठाऊक असतें. नवी बातमी येते ती दूरच्या मनुष्याकडून.

पूर्वीं अशा दूरच्या ओळखी टिकवावयाच्या कशा, हीच अडचण होती. पत्ता बदलला कीं मनुष्य हरवला. २००३ च्या मे महिन्यांत कॅलिफोर्नियांत सुरू झालेल्या लिंक्डइननें ती अडचण बरीच दूर केली. २०२३ सालीं त्याच्या सभासदांची संख्या १०० कोटींवर गेली. प्रत्येक सभासद आपल्या पानावर शिक्षण, केलेलीं कामें व अंगीं असलेलीं कौशल्यें नोंदवितो. एखाद्या अपरिचिताचें पान उघडलें असतां आपल्या व त्याच्यामध्यें ओळखीचा दुवा कोण, हें तेथें दिसतें.

नोकर शोधणाऱ्यालाहि याचा फायदा होतो. जाहिरात दिली तर काम शोधणारेच अर्ज करतात. पण या स्थळावर, आपल्या जागीं सुखानें काम करीत असलेला निपुण मनुष्यहि त्याला सांपडतो. तो कौशल्याचे शब्द घालून शोध करतो, म्हणून पानावर "हिशेबाचें सर्व काम येतें" असें मोघम लिहिण्यापेक्षां "टॅली, जीएसटी विवरणपत्रें" असें लिहिलेलें बरें. या कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा वाटा अशा नोकरी देणाऱ्यांकडूनच येतो. तेव्हां आपल्याला फुकट मिळणाऱ्या सोयीचें खरें गिऱ्हाईक कोण, हें उमजून असावें.

ग्रॅनोव्हेटरचें मत या स्थळावर मोठ्या प्रमाणावर तपासूनहि पाहिलें गेलें. २०२२ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत पांच वर्षांतील दोन कोटींहून अधिक सभासदांची माहिती होती. अगदीं निकटची ओळख कमी उपयोगी ठरली, तशीच अगदींच नांवापुरतीहि. मधली, थोडी दूरची ओळख सर्वांत फलदायी ठरली. मात्र ज्या धंद्यांत संगणकाचा संबंध थोडा, तेथें जवळच्या ओळखीचेंच पारडें जड होतें. सुतारकाम शिकलेल्या मुलानें म्हणून या स्थळावर फार भिस्त ठेवूं नये. त्याला त्याचा उस्तादच अधिक उपयोगी.

पुष्कळ तरुण येथें एक चूक करतात. शंभर अनोळखी माणसांना एकच मजकूर पाठवितात, "महाशय, मला नोकरी द्यावी." त्याला उत्तर येत नाहीं व येणारहि नाहीं. एकाच मनुष्याला त्याच्या कामाविषयीं, दोन मिनिटांत उत्तर देतां येईल असा नेमका प्रश्न विचारावा. नोकरीसाठीं नोंदणीचे म्हणून पैसे मागणारा भेटल्यास तो ठकच समजून त्याच्याशीं बोलणें तोडावें. आणि घरचा पत्ता, जन्मतारीख असल्या गोष्टी पानावर मांडूं नयेत. २०१२ सालीं याच स्थळावरील कोट्यवधि सभासदांचे परवलीचे शब्द चोरीस गेले होते.

या सोयीनें सर्वांना सारखी संधि मिळते, असें मात्र मला म्हणवत नाहीं. ज्याचे वडील व काका मोठ्या कंपन्यांत आहेत, त्याचें पान पहिल्याच दिवशीं ओळखींनीं भरतें. शेतमजुराच्या मुलाचें पान रिकामें असतें, आणि तें पाहून तो खिन्न होतो. त्याच्यापाशीं सुरुवातीला एकच भांडवल असतें, तें शाळेचें. सोळा वर्षें पुरीं झाल्यावर या स्थळाचें सभासद होतां येतें. तेथें शाळेचें नांव घालून शोध केला असतां, आपण त्या शाळेंत शिकलों अशी नोंद केलेले सभासद दिसतात. कोणी पुण्यांत, कोणी दुबईंत. ते आपल्याला ओळखत नाहींत, पण ज्या बांकांवर आपण बसतों त्यांवर तेहि बसले होते. पहिलें पत्र त्यांच्यापैकींच एखाद्याला लिहावें, आणि त्यांत प्रथम आपलें नांव, इयत्ता व शाळा सोडल्याचें साल लिहावें.