ताडगोळा येतो कुठून?

शिक्षक आणि पालक मित्रहो, बोळिंज-विरारची मुलं उन्हाळ्यात ताडगोळे आवडीने खातात. त्यांना झाडही दाखवूया. ताडाची नर-मादी झाडं वेगळी. फळं फक्त मादीला लागतात. एका फळात साधारण ३ ताडगोळे, म्हणजे कोवळ्या बिया असतात. फळ पिकलं की बिया कडक होतात, पण बाहेरचा केशरी गर खाता येतो. फुलोऱ्याचा ताजा गोड रस म्हणजे नीरा. ती आंबली की ताडी होते, आटवली तर गूळ.

ताड फळायला साधारण १२ ते २० वर्षं लागतात. पहिलीतल्या मुलाने आज बी पुरली, तर बारावीपर्यंत तरी थांबावं लागेल. झाड नर की मादी, हेही फुलोरा आल्यावरच कळतं. म्हणून मुलांना सांगूया, उभा ताड तोडायचा नाही.