वहीच्या पानाचे ऋण

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी आमच्या पेठांतून नव्या वह्यांचे पूजन होते. पहिल्या पानावर 'श्री' रेखाटला जातो, हळदकुंकू वाहिले जाते, आणि पाडव्यास त्याच वहीत नव्या वर्षाचा पहिला व्यवहार पडतो. हा आचार आमचा आहे, यात शंका नाही. परंतु ज्यावर 'श्री' काढला तो 'कागद', जिच्यातून शाई घेतली ती 'दौत', 'जमा', 'खर्च', 'बाकी', 'वसूल', 'तारीख', 'हिशेब', इतकेच काय 'रोजकीर्द' हे नावही, फारसी-अरबीतून आमच्या भाषेत आले आहे. उलटपक्षी त्याच पानावर मांडलेले अंक आमच्या देशातून बगदादेस गेले. मुसलमानी संस्कृतीचा इतिहास म्हणजे केवळ स्वाऱ्यांची आणि तख्तांची यादी, अशी समजूत आमच्या पुष्कळ वाचकांची आहे. त्यांनी आज एका कागदाची हकीकत ऐकावी, अशी आमची विनंती आहे.

कागद मूळचा चीनचा. इ. स. ७५१ मध्ये तलास नदीकाठी अरबांनी चिनी सैन्याचा पराभव केला आणि पकडलेल्या कारागिरांकडून समरकंदास ही कला शिकून घेतली, अशी जुनी कथा आहे. त्या लढाईपूर्वीच बौद्ध भिक्षू आणि व्यापारी यांच्याबरोबर कागद मध्य आशियात पोचला होता, असे आता संशोधक मानतात. ते कसेही असो. ७६२ साली वसलेल्या बगदादेत त्या शतकाच्या अखेरीस कागद तयार होऊ लागला होता. चीनमध्ये तो मुख्यतः झाडांच्या सालींचा होई. येथील कारागिरांनी जवसाच्या व अंबाडीच्या चिंध्या कुटून तो केला. खलिफांच्या कचेऱ्यांनी तो उचलून धरला, त्याचे एक कारण आमच्या व्यापाऱ्यांस तत्काळ पटेल: चर्मपत्रावरील अक्षर खरवडून बदलता येते, पण कागदात शाई मुरते आणि खाडाखोड लपत नाही.

कागद स्वस्त झाला तशी विद्याही स्वस्त झाली. बगदादेत ग्रंथ नकलून विकणाऱ्यांचा एक सबंध बाजार वसला. तेथील इब्न अन्-नदीम या ग्रंथविक्रेत्याने ९८७ च्या सुमारास आपणांस ठाऊक असलेल्या अरबी ग्रंथांची जी सूची केली, ती आजही अभ्यासकांच्या नित्य उपयोगाची आहे. या विद्येच्या कामी धर्म आडवा आला नाही. ग्रीक वैद्यकाचे भाषांतर करणारा हुनैन इब्न इसहाक ख्रिस्ती होता. गणिती साबित इब्न कुर्रा हरानच्या नक्षत्रपूजक पंथाचा होता. आणि खलिफा मन्सूराच्या काळी भारतातील ज्योतिषसिद्धान्त अरबीत उतरला. नवव्या शतकात ख्वारिज्मीने भारतीय अंकपद्धतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि त्याचे श्रेय हिंदूंस देण्यास तो कचरला नाही.

याच अंकांची एक गोष्ट सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. आमच्याकडे पोरे धूळपाटीवर अक्षरे गिरवीत असत, तसे हे गणितही प्रथम धुळीच्या पाटीवर, पुसत पुसत करीत. दमास्कस येथे ९५२ च्या सुमारास उक्लीदिसी नावाच्या गणित्याने ही रीत बदलून तेच गणित शाईने कागदावर कसे करावे हे दाखविले. धुळीवर केलेला हिशेब पुसला जातो; कागदावरचा राहतो, दुसऱ्यास तपासता येतो. भारताचा अंक आणि समरकंदचा कागद यांची गाठ अशी पडली.

पुढे ही कला कैरो, फेस करीत स्पेनमध्ये गेली. तेथील शातिबा शहराच्या कागदाची वाखाणणी इद्रीसी या भूगोलकाराने ११५४ मध्ये केली आहे. पिसाचा लिओनार्दो, ज्यास फिबोनाची म्हणतात, उत्तर आफ्रिकेतील बूजी बंदरात लहानपणी हे अंक शिकला आणि १२०२ साली त्याने ते इटलीच्या व्यापाऱ्यांस समजावून दिले. ज्यांच्याशी धर्मयुद्धे चालू होती, त्यांच्याच हिशेबाची रीत युरोपच्या पेढ्यांनी घेतली.

आता या हकीकतीची दुसरी बाजू. इटलीत फाब्रियानो येथील कारागिरांनी पाण्याच्या चक्रावर हातोडे चालविले, खळीऐवजी सरस वापरला, आणि कागद इतका स्वस्त केला की तो मुसलमानी देशांत विकावयास येऊ लागला. त्यावर ख्रिस्ती खुणा उमटलेल्या असत. असा कागद वापरावा की नाही, हा प्रश्न अल्जीरियातील त्लेमसेनच्या पंडितापुढे आला. १४०९ साली त्याने तो वापरण्यास अनुज्ञा दिली. निर्णय उदार होता. पण जे इतरांस शिकवीत होते ते आता गिऱ्हाईक झाले होते, ही गोष्ट त्याने बदलली नाही. छपाईच्या बाबतीत तर फारच विलंब झाला. इस्तंबूलमध्ये ज्यू लोकांचा छापखाना १४९३ पासून होता. परंतु जन्माने हंगेरियन असलेल्या इब्राहिम मुतेफेरिकास तुर्की ग्रंथ छापण्याची सुलतानाची परवानगी मिळाली ती १७२७ साली, आणि तीही धर्मग्रंथ वगळून. लहिया लोकांची उपजीविका, हस्ताक्षराविषयीचा पूज्यभाव, जोडाक्षरी लिपीचे खिळे पाडण्याची अडचण, अशी अनेक कारणे त्यामागे होती. १२५८ मध्ये मोंगलांनी बगदाद जाळले म्हणून सारे बुडाले, असे म्हणून भागत नाही. शत्रूने एक शहर जाळले. पण दारी आलेली कला वेळीच न उचलण्याचा दोष शत्रूच्या माथी मारता येत नाही.

हे वाचून आमच्यातील कोणी हसू लागतील, तर त्यांस आम्ही नम्रपणे थांबवितो. गोव्यास छापखाना आला १५५६ साली. मराठीचे व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापले गेले १८०५ साली, आणि तेही दूर बंगालमधील श्रीरामपुरास, केरी या पाद्र्याच्या हातून! अडीचशे वर्षे यंत्र आमच्या किनाऱ्यावर होते. अल्बेरूनी याने १०३० च्या सुमारास आमच्या देशावर ग्रंथ लिहिला. गझनीच्या महमुदाने येथे केलेला विध्वंस त्याने लपविला नाही. पण येथील पंडित परक्यांची विद्या मानावयास तयार नसत आणि त्यांचे पूर्वज इतके संकुचित नव्हते, हेही त्याने लिहून ठेविले. हे बोल कडू आहेत, म्हणून ते खोटे ठरत नाहीत. शिवाय आम्ही परक्यांसच काय, आमच्याच बहुसंख्य बांधवांस आणि साऱ्या स्त्रीवर्गास शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेविले. कागद दारात आला, पण तो ज्याच्या हाती द्यावयाचा त्याचे हात आम्ही बांधून ठेविले.

आमच्या व्यापाऱ्यांस आम्ही काय सांगावे? वहीत केवळ जमेची बाजू मांडणारा दुकानदार फार काळ टिकत नाही, हे ते आमच्याहून अधिक जाणतात. राष्ट्राच्या वहीतही हाच न्याय आहे. 'आम्ही जगास अंक दिले' ही रक्कम अभिमानाने मांडावी. परंतु समोरच्या बाजूस 'कागद, दौत, दप्तर घेतले' हेही त्याच प्रामाणिकपणाने लिहावे. दौलताबादेजवळचे कागजीपुरा हे गाव आपल्या नावातच ते ऋण वागवीत आहे. येत्या पाडव्यास नवी वही उघडाल तेव्हा पहिल्या पानावर क्षणभर नजर ठेवा. ज्या हातांनी तो कागद आमच्यापर्यंत पोचविला त्यांच्या वंशजांस परके म्हणण्यापूर्वी, ती बाकी आम्ही कोठे लिहिली आहे, याचा शोध प्रत्येकाने घ्यावा.