संगणकाचा प्रोसेसर बदलण्यापूर्वीं

ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें 'विंडोज १०' प्रणालीचा नेहमीचा आधार बंद केला, तेव्हांपासून अनेक कुटुंबांतून एकच विचार चाललेला दिसतो. मुलांच्या अभ्यासाला, वडील मंडळींच्या बँकव्यवहाराला आणि परदेशीं असलेल्या लेकीशीं बोलावयाला घरांत जो संगणक आहे, तो धडधाकट आहे. परंतु 'विंडोज ११' त्याला स्वीकारीत नाहीं. मग 'सबंध यंत्र कशाला टाकावयाचें? नुसता प्रोसेसर बदलूं' असें कोणी तरी सुचवितो. सूचना काटकसरीची आहे, म्हणूनच ती नीट तपासून घेतली पाहिजे.

प्रोसेसर ज्या मोठ्या पाटीवर बसतो तिला मदरबोर्ड म्हणतात, आणि त्याच्या बसण्याच्या चौकोनी जागेला सॉकेट. सॉकेट निराळें असलें तर प्रश्नच मिटतो. प्रोसेसर बसतच नाहीं. खरा घात होतो तो सॉकेट सारखें असतांना. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांची सहावी पिढी २०१५ सालीं आली, सातवी जानेवारी २०१७ मध्यें आणि आठवी त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत. तिन्ही पिढ्यांचें सॉकेट एकच, एलजीए ११५१. विंडोज ११ ला सामान्यतः आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर चालतात. तेव्हां सहाव्या पिढीच्या संगणकाच्या मालकास वाटतें कीं, आठव्या पिढीचा वापरलेला प्रोसेसर आणून बसवावा. तो बसतोहि, पण संगणक सुरू होत नाहीं. कारण त्या पिढीसाठीं इंटेलनें चिपसेटची नवी ३०० मालिका काढली. १०० व २०० मालिकेच्या बोर्डांना ती पिढी मान्य नाहीं. वरच्या प्रोसेसरांतील गाभे चारांचे सहा झाले, विजेची गरज वाढली, आणि वीजपुरवठ्याचे स्पर्शबिंदु १२८ होते ते १४६ करण्यांत आले. वरून पाहणाराला यांतलें कांहींच दिसत नाहीं. (कांहीं हौशी मंडळींनीं बायोसमध्यें फेरफार करून असे प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवून दाखविले आहेत, पण तो संसारी मनुष्याचा उद्योग नव्हे.)

न्यायशास्त्रांत वाक्याचा अर्थ लागण्यास आकांक्षा व संनिधि यांखेरीज योग्यताहि लागते असें सांगितलें आहे. 'अग्नीनें शिंपतो' यांत पदें शेजारीं आहेत, विभक्ति बिनचूक आहे, पण अर्थ जुळत नाहीं. सॉकेटनें केवळ संनिधि साधते. योग्यता ठरते ती चिपसेट आणि बायोस यांवरून.

ती पाहावयाची कशी? विंडोजमधील 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडावें. 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' या ओळींत बोर्डाचें नांव आणि बायोसच्या ओळींत त्याची आवृत्ति मिळते. दोन्ही कागदावर उतरून घ्यावीं. नंतर बोर्ड करणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच बोर्डाची 'सीपीयू सपोर्ट' यादी काढून हव्या त्या प्रोसेसरचा क्रमांक अक्षरशः ताडून पाहावा. शेवटच्या अक्षराकडे दुर्लक्ष करूं नये. इंटेलच्या क्रमांकाअखेर 'एफ' असेल तर त्यांत पडद्यावर चित्र दाखविण्याची सोय नसते, निराळें ग्राफिक्स कार्ड घ्यावें लागतें.

यादींत प्रत्येक प्रोसेसरसमोर बायोसची किमान आवृत्ति दिलेली असते. एएमडीच्या एएम ४ सॉकेटवाल्यांना ती विशेष महत्त्वाची. नोव्हेंबर २०२० मध्यें आलेले रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर त्यापूर्वींच्या बी ४५० बोर्डांवर चालतात, पण बायोस नवें केल्यावरच. आणि तें जुना प्रोसेसर जागेवर असतांनाच करून घ्यावें. प्रोसेसरवांचून बायोस चढविण्याची सोय थोड्याच बोर्डांवर असते.

सहाव्या पिढीच्या मालकास मात्र बोर्डहि बदलावाच लागेल. अशा वेळीं जुन्या रॅमवर 'डीडीआर ४' लिहिलें आहे कीं 'डीडीआर ३' हें पाहावें, कारण त्या काळीं दोन्ही प्रकारचे बोर्ड विकले गेले. डीडीआर ४ असल्यास ती ३०० मालिकेच्या बोर्डावर, किंवा बाराव्या पिढीच्या डीडीआर ४ घेणाऱ्या बोर्डावर वापरतां येते, आणि तेवढा खर्च वांचतो. पैसे देण्यापूर्वीं 'बोर्डाशीं न जुळल्यास परत घेऊं' एवढें दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्यावें.